हळद किती पिवळी असावी?

आपल्या प्रत्येक घरात हळद दोन ठिकाणी असते. एक देवघरात, कुंकवाच्या शेजारी कोयरीत. दुसरी स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्यात, मोहरी-जिऱ्याच्या सोबतीला. देवाला वाहावयाची वस्तू आणि पोटात जावयाची वस्तू एकच असावी, हा मान फार थोड्या पदार्थांना मिळाला आहे. म्हणूनच हळद विकत घेताना आपण काय पाहतो, या प्रश्नाचा विचार या लेखात करावा असे आम्हांस वाटले. बहुतेक ठिकाणी उत्तर एकच येते. आपण रंग पाहतो. जी अधिक पिवळी, ती अधिक चांगली, अशी आपली समजूत आहे. ही समजूत कितपत खरी, आणि तिचा गैरफायदा कोण कसा घेतो, हे सुज्ञ वाचकांपुढे मांडावयाचे आहे.

पांढुर्णा आणि सौसर हा सातपुड्याच्या दक्षिण उताराचा मराठी मुलूख. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा झाला. या भागाचे नाव संत्र्यांसाठी आणि कापसासाठी घेतले जाते, हळदीसाठी नव्हे. हळदीच्या बाबतीत आपण मुख्यतः विकत आणणारे लोक आहोत, आणि विकत आणणाऱ्याने पारख शिकलीच पाहिजे. हळदीची खरी भूमी मात्र आपल्यापासून फार दूर नाही. आपल्या शेजारच्या मुलताई भागात जी वर्धा नदी उगम पावते, तिच्याच नावाच्या जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यात, वायगाव हे गाव आहे. तेथील हळद इतकी जुनी आणि नावाजलेली की लोक गावाला ‘वायगाव हळद्या’ असेच म्हणतात. २०१६ साली या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे ‘वायगावची हळद’ हे नाव त्या भागातील पिकाखेरीज दुसऱ्या कोणत्याही हळदीस लावता येत नाही, असे कायद्याने ठरले. सांगलीच्या हळदीला हे मानांकन २०१८ साली आणि मराठवाड्यातील वसमतच्या हळदीला २०२४ साली मिळाले.

आता मूळ वस्तूकडे वळू. संस्कृतात हळदीला हरिद्रा म्हणतात हे सर्वांना ठाऊक आहे; पण निशा आणि रजनी अशी रात्रीची नावेही तिला आहेत, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. कांचनी हे नाव सोन्यावरून आले, वरवर्णिनी हे उत्तम वर्ण देणारी म्हणून. चरकाने औषधींचे जे गण सांगितले आहेत, त्यांतील त्वचारोग हरणाऱ्या आणि विष हरणाऱ्या गणांत हरिद्रेची गणना आहे. वाग्भटाने प्रमेहावर हळद आणि आवळा यांची जोडी सांगितली आहे. वैद्यमंडळी आजही तिला निशा-आमलकी म्हणून देतात. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. दारुहळद नावाची जी लाकडासारखी वस्तू काष्ठौषधींच्या दुकानात मिळते, ती हळदच नव्हे. ते एका काटेरी झुडपाचे मूळ व खोड असते आणि त्याचा पिवळा रंग निराळ्या द्रव्याचा असतो. आंबेहळद मात्र हळदीच्याच कुळातील. तिला कैरीचा वास येतो, आणि मुका मार लागल्यावर तिचा लेप घालण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे.

हळदीचा रंग ज्या द्रव्याचा आहे त्याला कुर्कुमिन म्हणतात. ते १८१५ साली फ्रान्समध्ये प्रथम वेगळे काढण्यात आले, आणि त्याची रासायनिक घडण १९१० साली उलगडली. साधारण हळदीत शेकडा तीन भाग कुर्कुमिन असते. वायगावच्या हळदीत ते सुमारे सहापर्यंत जाते, हीच तिची ख्याती. हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. म्हणून फोडणीत मोहरी तडतडल्यावर हळद घालण्याची आपल्या घरातील रीत केवळ चवीची नव्हे. तेलात पडलेली हळद वरणभर पसरते. वरून कोरडी भुरभुरलेली तशी पसरत नाही. ती जळू नये म्हणून लगेच डाळ किंवा भाजी ओतावी लागते, हेही गृहिणींना सांगावे लागत नाही.

या रंगाचा आणखी एक स्वभाव प्रत्येक घरात दिसतो, पण त्याकडे कोणी विशेष लक्ष देत नाही. वरणाचा डाग पडलेले धोतर साबणाने धुवावयास घेतले की डाग एकदम लाल होतो आणि बायका दचकतात. साबणातील क्षारामुळे कुर्कुमिन तांबडे होते, एवढेच त्यात घडते. तेच धोतर उन्हात वाळत घातले की डाग फिका पडत जातो, कारण सूर्यप्रकाश या रंगाला मोडतो. कुंकू हे याच स्वभावाचे फळ होय. जुन्या पद्धतीने कुंकू करताना हळकुंडांचे तुकडे लिंबाच्या रसात टाकणखार घालून भिजवीत, वाळवीत आणि मग दळीत. आंबट रस, टाकणखार आणि हळद या तिघांच्या संयोगाने पिवळ्याचे लाल होते. हळद आणि कुंकू या दोन वस्तू नव्हेत, एकाच वस्तूची ती दोन रूपे आहेत. म्हणूनच त्यांचा उच्चार एकत्र होतो असे मानावयास आम्हांस आवडते. त्या कुंकवाचा रंग गडद, किंचित तपकिरी झाक असलेला असतो. बाजारात डोळे दिपवणारे जे लाल चूर्ण मिळते, त्यातील पुष्कळसे पिठाला कृत्रिम रंग देऊन केलेले असते. ते लावून कपाळास खाज सुटली तर दोष हळदीचा नव्हे.

हळदीचा गुण किती, याविषयी आजकाल दोन टोकांची मते ऐकू येतात. एक मत असे की ही सर्व आजीबाईच्या बटव्यातील भाबडी समजूत. दुसरे असे की हळद म्हणजे कर्करोगापासून संधिवातापर्यंत सर्वांवर रामबाण. पहिल्या मताला उत्तर देणारी एक घटना मराठी माणसाने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या उपायावर एकस्व, म्हणजे पेटंट देण्यात आले. जखमेवर हळद दाबणे ही गोष्ट आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक; तिच्यावर दुसऱ्याची मालकी! भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली या एकस्वाला आव्हान दिले. परिषदेचे महासंचालक त्या वेळी डॉ. रघुनाथ माशेलकर होते, जन्माने गोमंतकातील माशेल गावचे. मात्र ‘आमच्या आज्या असे करीत’ हे म्हणणे त्या कचेरीत पुरावा ठरत नव्हते. लिखित आधार हवा होता. परिषदेने संस्कृत, हिंदी, उर्दू अशा भाषांतील जुने उल्लेख मिळून बत्तीस आधार सादर केले, आणि त्यांत १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघाच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये एकस्वातील मागण्या फेटाळण्यात आल्या. पुढे पारंपरिक ज्ञानाचा मोठा संग्रह करण्याचे काम २००१ साली हाती घेतले गेले, त्याच्या मुळाशी हा अनुभव होता. आपल्या घरातील रीतिरिवाज कोणी तरी लिहून ठेवले पाहिजेत, हे त्यावरून शिकावयाचे.

तरी पण जखमेवर हळद दाबण्याविषयी आज एक शब्द जोडावा लागतो. खोल जखम, गंजलेल्या लोखंडाची जखम, जनावराचा चावा, यांवर डब्यातील हळद भरून बसू नये. वाहत्या स्वच्छ पाण्याने जखम धुवावी आणि दवाखाना गाठावा. डब्यातील हळदीत आज काय काय असू शकते, ते पुढे येणारच आहे.

दुसऱ्या टोकाच्या मताबद्दल आपल्या भाषेतच उत्तर आहे. ‘पी हळद आणि हो गोरी’ असे आपण उतावळ्या माणसाला म्हणतो. थोडा हिशेब करून पाहू. भाजीत अर्धा चमचा, म्हणजे सुमारे दीड ग्रॅम हळद पडली आणि ती चार माणसांत वाटली गेली, तर प्रत्येकाच्या पोटात दहा-अकरा मिलिग्रॅम कुर्कुमिन जाते. ज्या प्रयोगांवरून गुडघेदुखीला थोडा उतार पडतो असे सांगितले जाते, त्यांत रोज पाचशे ते दीड हजार मिलिग्रॅम दिलेले असते. शिवाय पोटात गेलेले कुर्कुमिन रक्तात फार थोडे उतरते. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मिऱ्यातील तिखट द्रव्य जोडीला दिल्यावर हे शोषण वीसपट वाढलेले आढळले, आणि तेव्हापासून हळदीच्या दुधात मिरपूड घालण्याचा सल्ला सर्वत्र ऐकू येतो. सल्ला वाईट नाही; पण अगदी थोड्याचे वीसपटही थोडेच असते. २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात कुर्कुमिनवरील साऱ्या संशोधनाचा आढावा घेणारा लेख आला. त्याचा निष्कर्ष असा की प्रयोगशाळेत इतके गुण दाखवणाऱ्या या द्रव्याने माणसांवरील काटेकोर प्रयोगांत एकाही रोगावर निर्विवाद यश मिळवलेले नाही. काचेच्या नळीतील यशावरून गोळ्या विकणाऱ्यांना ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे झाले’ असे म्हणण्यास हरकत नसावी. अशा गोळ्यांनी काही लोकांच्या यकृतास इजा झाल्याचेही परदेशांत नोंदले गेले आहे. ज्यांस रक्त पातळ करणारे औषध चालू आहे किंवा पित्ताशयात खडे आहेत, त्यांनी वैद्याला विचारल्यावाचून त्या घेऊच नयेत.

याचा अर्थ रोजच्या वरणातील हळद व्यर्थ, असा नव्हे. ती अन्न आहे, औषधाची मात्रा नव्हे. अन्नाला रंग, वास, किंचित कडवट उष्ण चव देते, लोणचे टिकण्यास हातभार लावते, आणि शेकडो वर्षे खाऊन तिने कोणाचे वाईट केलेले नाही. हे शेवटचे वाक्य मात्र खऱ्या हळदीबद्दलच खरे आहे.

खरी हळद होते कशी, ते पाहू. हळदीला उपयोगी बी धरत नाही. मागील वर्षीचे कंदच बेणे म्हणून लावावे लागतात. वैशाख-ज्येष्ठात लावण होते. पीक आठ-नऊ महिने जमिनीत राहते आणि पाने पिवळी पडून वाळली की पौष-माघाच्या सुमारास काढणी सुरू होते. मधला जाड गड्डा वेगळा आणि त्याला फुटलेली बोटे, म्हणजे हळकुंडे, वेगळी केली जातात. मग हळद शिजवतात. पूर्वी मोठ्या काहिलीत पाण्यात शिजवीत, आता पुष्कळ ठिकाणी वाफेवर शिजवतात. शिजवल्याने कंद पुन्हा अंकुरत नाही, रंग आतून सारखा होतो आणि वाळण्यास कमी दिवस लागतात. त्यानंतर दहा-पंधरा दिवस कडक ऊन. पाच मण ओल्या हळदीची वाळून जेमतेम एक मण होते. या वेळी हळकुंड कसे दिसते? सुरकुतलेले, मळकट, मातकट तपकिरी. त्यास पिवळे कोण म्हणेल! पिवळेपण सारे आत असते; मोडल्यावर नारिंगीसारखे दिसते. वरची साल आणि मुळ्या काढण्यासाठी ते फिरत्या पिंपात घासतात. यालाच पॉलिश करणे म्हणतात. निव्वळ घासण्याने हळकुंड थोडे उजळते, पण झळाळत नाही.

सांगलीजवळ, कृष्णा-वारणेच्या संगमावरील हरिपूर येथे ही वाळलेली हळद साठवण्याची फार चतुर रीत होती. जमिनीत खोल पेवे खणीत. तोंड अरुंद, पोट मोठे, रांजणासारखे. हळद भरून तोंड मातीने बंद केले की आत हवा राहत नाही, कीड लागत नाही, आणि वर्षानुवर्षे हळद जशीच्या तशी राहते. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे, कारण आतल्या कोंदट हवेत माणूस गुदमरू शकतो. २००५ सालच्या महापुराने त्यांतील बहुतेक पेवांची नासाडी झाली. या पेवांची आठवण आम्ही मुद्दाम दिली. पूर्वीच्या व्यापाऱ्याला रंग राखावयाचा होता आणि त्यासाठी त्याने उजेड आणि हवा या दोघांना दूर ठेवले. रंग वरून लावण्याची बुद्धी नंतरची.

ती बुद्धी कशी सुचली, याची हकीकत शेजारच्या बांगलादेशात नीट तपासली गेली आहे. १९८०च्या दशकात तेथे पूर आला, हळद ओली राहिली, वाळून काळपट झाली, आणि गिऱ्हाईक घेईना. तेव्हा कोणी तरी पॉलिशच्या वेळी एक पिवळी पूड मिसळली. ती पूड म्हणजे लेड क्रोमेट, शिसे आणि क्रोमियम यांचा संयुग. रंगकामात आणि रस्त्यावरचे पिवळे पट्टे रंगवण्यास वापरतात तो. तेथे तिला ‘पेउरी’ म्हणत, जे नाव ऐकून आपल्या भिंती रंगवावयाच्या पिवडीची आठवण होते. चिमूटभर पुडीने मळकट हळकुंड सोन्यासारखे झाले. एकाची हळद झळकली की दुसऱ्याची विकेनाशी होते. अशा रीतीने एका पुरासाठी योजलेली युक्ती चाळीस वर्षे चालली. गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे का सापडते, याचा शोध घेता घेता स्टॅनफर्ड विद्यापीठाचे आणि ढाक्याचे संशोधक या हळदीपर्यंत पोहोचले. त्यांचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. तेथील अन्न सुरक्षा खात्याने वृत्तपत्रांतून इशारे दिले, ढाक्याच्या घाऊक बाजारावर छापा घातला, व्यापाऱ्यांना दंड केला. २०१९ साली बाजारातील जवळजवळ निम्म्या नमुन्यांत शिसे होते. २०२१ साली एकाही नमुन्यात सापडले नाही. मनात आणल्यास हे बंद होऊ शकते, एवढे तरी यावरून दिसते.

हा दोष परदेशाचा म्हणून आपल्याला हात झटकता येत नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारत, पाकिस्तान, नेपाळ आणि श्रीलंका येथील तेवीस शहरांच्या बाजारांतून हळद गोळा करून तपासली गेली. बहुतेक शहरांची हळद चांगली निघाली. पण पाटण्याच्या काही नमुन्यांत दर ग्रॅमला एक हजार मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे होते. आपल्या देशात हळदीसाठी कायद्याची मर्यादा दर ग्रॅमला दहा मायक्रोग्रॅमची आहे, म्हणजे हे शंभरपट झाले. अशी हळद अर्धा ग्रॅम जरी एखाद्या बालकाच्या वरणभातातून गेली, तरी पाचशे मायक्रोग्रॅम शिसे त्याच्या पोटात जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने मुलांसाठी दिवसाला अवघी २.२ मायक्रोग्रॅमची सीमा धरली आहे. शिशाला वास नाही, वेगळी चव नाही, आणि अशा थोड्या थोड्या मात्रेने लगेच काही होतही नाही. ते हाडांत साठत जाते, लहान मुलाच्या वाढत्या मेंदूवर परिणाम करते, त्याची शिकण्याची शक्ती कमी करते; गरोदर स्त्रीच्या शरीरातून गर्भापर्यंत जाते. सुरक्षित म्हणता येईल अशी शिशाची कोणतीच मात्रा ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्या मातेने प्रकृतीसाठी म्हणून लेकराला हळदीचे दूध पाजावे, तिच्याच हातून हे घडावे, यापेक्षा क्रूर फसवणूक ती कोणती?

आपल्या भागातील वाचकांस शिशाची ओळख एका निराळ्या मार्गाने आहे. सौसर तहसिलीतील जामसावळीच्या हनुमंताच्या दर्शनाला आपण सारे जातो. मारुतीरायाला शेंदूर चढतो. परंपरेने शेंदूर हा शिशापासूनच तयार होतो. तो मूर्तीच्या लेपनाचा पदार्थ, भक्षणाचा नव्हे, हे आपल्या पूर्वजांना पक्के ठाऊक होते. शेंदूर कोणी मिसळणाच्या डब्यात ठेवीत नाही. तो हाताळल्यावर हात धुवावेत, आणि लहान मुलांची शेंदूर लागलेली बोटे तोंडात जाऊ देऊ नयेत, इतकी काळजी पुरते. भेसळीच्या हळदीने ही जुनी मर्यादाच मोडली. लेपनाचा रंग ताटात आणून ठेवला.

पूजेतील हळदीचा विचार येथेच करणे उचित. पूजेपुरती म्हणून स्वस्त हळद वेगळी आणण्याची चाल अनेक घरांत पडली आहे. ‘देवाला वाहावयाची, खावयाची थोडीच आहे,’ असे म्हणून आपण ती घेतो. पण चैत्रगौरीच्या किंवा संक्रांतीच्या हळदीकुंकवात तीच हळद सुवासिनींच्या कपाळी आणि हाताला लागते, आणि त्याच हातांनी मग वाटली डाळ किंवा तिळगूळ खाल्ला जातो. लग्नात नवरा-नवरीच्या अंगाला तीच चोळतात. जेजुरीस खंडोबाचा भंडार उधळला जातो. भाविक तो कपाळी लावतात आणि चिमूटभर प्रसाद म्हणून तोंडातही टाकतात. भंडार म्हणून पिठाला रंग दिलेले चूर्ण बाजारात विकले जाते, ही गोष्ट आता लपून राहिलेली नाही. देवाला कमी प्रतीची वस्तू चालते, हा विचार मुळातच आपल्या आचाराला सोडून आहे. आमच्या मते घरात एकच हळद असावी. जी आपण खाऊ तीच देवाला, आणि जी देवाला वाहू धजणार नाही ती मुलाबाळांच्या पानातही नको.

आता पारख. ‘पूड घेऊ नका, हळकुंडे आणून घरी दळा’ हा सल्ला आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. पुडीत पीठ, भुसा, मेटॅनिल यलो नावाचा कापडाचा रंग वगैरे मिसळता येतो, म्हणून सल्ला योग्यच होता. परंतु लेड क्रोमेट हे पुडीत नव्हे, हळकुंडाच्या अंगावरच चढवले जाते. वर सांगितलेल्या अभ्यासातही पॉलिश केलेल्या हळकुंडांतच शिसे अधिक आढळले, नाममुद्रेच्या बंद पुड्यांत सर्वांत कमी. म्हणून जुन्या सल्ल्याला एक शब्द जोडावा: बिनपॉलिशची हळकुंडे. दुकानात झळकणारे, गुळगुळीत, बोटाला पिवळी पूड लागणारे हळकुंड मागे सारावे आणि मळकट, सुरकुतलेले पुढे ओढावे. मोडून पाहावे, कडकन् मोडले पाहिजे आणि आत गडद नारिंगी दिसले पाहिजे. बाहेरून आतल्यापेक्षा अधिक पिवळे असेल तर ते पिवळेपण शेतातून आलेले नाही.

घरी करता येण्याजोगी आणखी एक परीक्षा आहे. दोन पेल्यांत साधे पाणी घ्यावे. एकात अखंड हळकुंड टाकावे; त्याने पाण्यास लगेच ठळक पिवळा रंग सोडला तर वरून रंग चढवलेला असण्याचा संभव आहे. दुसऱ्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवावी. खरी हळद बहुतांशी तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते. पाणी एकसारखे गडद पिवळे झाले तर संशय घ्यावा. लिंबू पिळून किंवा आम्ल टाकून रंग पाहण्याचे जे प्रयोग सांगितले जातात, ते घरी करण्यात अर्थ नाही, कारण तीव्र आम्लाने खरी हळदही तांबडी होते आणि निर्णय चुकतो. शिसे आहे की नाही, हे पेल्यातले पाणी ठामपणे सांगू शकत नाही. त्याला प्रयोगशाळाच हवी. २००६ सालच्या अन्न सुरक्षा कायद्यात विकत घेणाऱ्यालाही शुल्क भरून आपला माल अन्न विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा अधिकार आहे, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. एका घराला तो खर्च जड वाटेल. दहा घरांनी मिळून वर्षाची हळद एका ठिकाणाहून आणली, तर एका नमुन्याचे शुल्क दहा जणांत वाटले जाते.

वर्षाची हळद एकदम घेण्याचा काळ माघ ते चैत्र, नवा माल बाजारात येतो तो. नागपूरकडे जाणे-येणे असणाऱ्यांना वर्धा जिल्ह्यातील शेतकऱ्यांकडून थेट माल मिळवणे अवघड नाही. तेथे बिनपॉलिशचा माल मागितल्यास शेतकऱ्याचे पॉलिशचे श्रमही वाचतात. हळकुंडे आणल्यावर एकदा कोरड्या खरखरीत फडक्याने घासून, दोन दिवस उन्हात घालून, कोरड्या डब्यात भरावी. दळण मात्र एकदम करू नये. अखंड हळकुंडात रंग आणि वास दोन्ही टिकतात, पूड उघडी पडली की दोन्ही उडू लागतात. दोन महिन्यांपुरती कांडून किंवा गिरणीतून दळून आणावी. गिरणीत आपल्या आधी कोणाची हळद दळली गेली ते पाहावे आणि पहिली मूठभर पूड बाजूला काढावी. डबा पत्र्याचा किंवा गडद काचेचा, झाकण घट्ट. खिडकीतले ऊन लागेल अशा फळीवर तो ठेवू नये. अशी घरची पूड बाजारच्या पुडीपुढे मंद, थोडी तपकिरी दिसेल. पहिल्या दिवशी वरण जरा फिके वाटले, तर चिमूट वाढवण्यापूर्वी फोडणीचे तेल नीट तापले होते का, ते आधी पाहावे.